चौदा नंबरचं कार्ड

१

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास साजगावच्या रंगाच्या कारखान्यात दशरथ भगत नावाच्या कामगाराने तीन नंबरच्या टाकीचा खालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडला, आणि आतलं कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी दाबाने उडून त्याच्या तोंडावर आलं. टाकी धुताना आतला दाब पूर्ण उतरल्याशिवाय तो कॉक कुणी उघडत नाही. दशरथने उघडला, कारण समोरच्या भिंतीवर लावलेल्या कार्डावर तसंच लिहिलं होतं.

कर्जतला भिसेगावात राहणाऱ्या छाया ठोंबरे यांना ही बातमी दुपारी फोनवर कळली. छायाताई अठ्ठावन्न वर्षांच्या. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात त्यांनी तीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काम केलं होतं आणि आता घरी बसून कंटाळल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी या कारखान्याने त्यांना बोलावून घेतलं, ते एका वेगळ्याच कामासाठी. तिथल्या यंत्रांच्या सगळ्या सूचना इंग्रजीत होत्या. त्या कामगारांना वाचता याव्यात म्हणून मराठीत कार्डं करायची होती, आणि त्यासाठी कारखाना एखादं एआय टूल विकत घेणार होता. तीन टूल्स चाचणीला आली होती. प्रत्येक सूचना तिघांनाही द्यायची, तिघांचे मराठी मजकूर अ, ब, क अशा खुणा करून छायाताईंकडे पाठवायचे, त्यातला बरा त्यांनी निवडायचा, लाल पेनाने दुरुस्त करून खाली सही करायची. कुठलं टूल घ्यायचं याचा निर्णय येत्या गुरुवारी व्हायचा होता.

फोनवर कारखान्याचे व्यवस्थापक योगेंद्र पोतदार होते. दशरथला खोपोलीच्या दवाखान्यात हलवलंय, उजव्या डोळ्याचं काही सांगता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, "छायाताई, चौदा नंबरचं कार्ड तुम्ही तपासलं होतं का?"

"बघून सांगते," छायाताई म्हणाल्या.

 आधीच्या आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी त्या चार दिवस अलिबागला होत्या. परत आल्यावर शुक्रवारी त्यांनी एक गठ्ठा घाईघाईत तपासून पाठवला होता. तपासलेल्या प्रत्येक कार्डाची एक प्रत त्या स्वतःकडे ठेवत. त्यांनी फाईल काढली, एकेक कागद उलटला. प्रती तेरापर्यंतच होत्या.

चौदा त्यांच्याकडे आलंच नव्हतं, की येऊन सही होऊन गेलं आणि प्रत ठेवायची राहिली? तीस वर्षांत त्यांना स्वतःच्या नजरेवर असा संशय कधी आला नव्हता. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

२

मंगळवारी सकाळी नऊला त्या पोतदारांच्या केबिनमध्ये होत्या. टेबलावर प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं कार्ड पडलं होतं. त्यावरची चौथी ओळ अशी होती: 'प्रेशर शून्यावर येईपर्यंत खालचा कॉक उघडायचा आहे.'

मूळ इंग्रजी सूचना नेमकी उलटी होती. शून्य येईपर्यंत उघडू नका.

पोतदारांनी मंजुरीची फाईल पुढे सरकवली. तेराव्या कार्डावर लाल सही होती. चौदा ते अठरा या पाच कार्डांवर कुणाचीच सही नव्हती. छायाताईंना एकदम हलकं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. पलीकडे एका माणसाचा डोळा जात होता.

पोतदार गेली रात्र झोपलेले दिसत नव्हते. चाचणीच्या नोंदवहीत प्रत्येक कार्डापुढे कुठल्या टूलचा मजकूर घेतला ते लिहिलेलं असे. चौदा ते अठराच्या पुढे तो रकाना कोरा होता. आता सरकारी निरीक्षक उत्तर मागत होते, पोलीसही येऊन गेले होते. टूलने चूक केली असेल तर कुठल्या, ते सांगायला हवं होतं. टूलने केली नसेल तर माणसाने केली.

"आणि माणसाने केली असेल तर मुद्दाम केली की काय, हा पुढचा प्रश्न," पोतदार म्हणाले. "गुरुवारी मला एक नाव द्यावं लागेल."

कार्डांच्या फोल्डरमध्ये मजकूर टाकायची परवानगी तिघांनाच होती. संगणक सांभाळणारा प्रवीण घरत, कार्यालयातलं लिखाण पाहणारी अक्षदा हजारे आणि धुलाई विभागाचे सुपरवायझर मनोज पिंगळे. पोतदारांचा संशय अक्षदावर होता. कारखान्याचं सगळं मराठी लिखाण आजवर तीच करत होती. टूल आलं की तिची जागा जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. शिवाय, ही यंत्रं एक दिवस कुणाला तरी जखमी करतील, असं महिन्यापूर्वी तिने पोतदारांना लेखी कळवलं होतं.

"तिला ते खरं करून दाखवायचं असेल," पोतदार म्हणाले. "तुम्हाला मजकुरावरून माणूस ओळखता येतो म्हणतात. बघा काही कळतं का."

छायाताईंनी बाकीची चार कार्डं मागितली. पोलिसांच्या सांगण्यावरून फोल्डर कुलूपबंद केलाय, ती बुधवारी दुपारी मिळतील, असं पोतदारांनी सांगितलं. मी ती वरवर पाहिली आहेत, त्यात प्रेशरचं काही नाही, असंही म्हणाले. छायाताईंनी ते ऐकून घेतलं. ती चार कार्डं कारखान्यातच भिंतींवर लटकत होती, उठून थोडं चालून वाचता आली असती, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. पुढे कुणी या प्रकरणाबद्दल विचारलं की त्या आधी ही स्वतःची चूक सांगत.

३

प्रवीण खालापूरचा, एकोणतीस वर्षांचा, बोलायला चटपटीत. तीनपैकी 'ब' टूल घ्यावं असा त्याचा आग्रह होता, आणि त्यामुळे आपल्यावर बालंट येईल या धास्तीने त्याने सगळ्या नोंदी काढूनच ठेवल्या होत्या. कुठल्या टूलला कुठल्या दिवशी काय दिलं, त्याने काय उत्तर दिलं, सगळं त्यात होतं. छायाताईंनी दीड तास बसून त्या पाहिल्या. चौदा नंबरची इंग्रजी सूचना तिन्ही टूल्सना कधीच दिली गेली नव्हती.

नोंदी नसत्या तरी त्यांचा अंदाज तोच होता. दोन महिन्यांत तिघांच्या सवयी त्यांना पाठ झाल्या होत्या. 'अ' प्रत्येक ओळीआधी कृपया म्हणे. 'ब' व्हॉल्व्हला झडप म्हणे, आणि ते वाचून शेडमधली माणसं हसत. 'क' प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'याची खात्री करा' असं जोडून देई. कॉक हा शब्द तिघांनीही कधी वापरला नव्हता. तो शेडमधला शब्द.

"म्हणजे टूल सुटली," प्रवीण म्हणाला. "आता इथे मराठी टाइप करणारी एकच व्यक्ती आहे."

ती व्यक्ती शेजारच्या खोलीत बसली होती. अक्षदा नेरळहून रोज येई, चौतिशीची, दोन मुलांची आई. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. तिने सांगितलं ते थोडक्यात असं: शुक्रवारी दुपारी पाच कार्डांचा मजकूर फोल्डरमध्ये तयार दिसला. प्रवीणने टाकला असेल असं तिला वाटलं. पुढच्या आठवड्यात सुरक्षा तपासणी होती, कार्डं भिंतीवर हवीत असा वरून तगादा होता. तिने ती छापली, आवरणं घातली आणि लावून घेतली.

"सही नाही हे दिसलं नाही तुला?"

"दिसलं. वाटलं, तुम्ही अजून लग्नालाच आहात. म्हटलं, सोमवारी घेऊ."

"आणि वाचलं नाहीस?"

 "शुद्धलेखन वाचलं," ती म्हणाली. "अर्थ नाही वाचला. दोन महिने सगळे सांगताहेत की अर्थाचं टूल बघेल, तू फक्त ऱ्हस्वदीर्घ बघ."

छायाताईंना तिचा राग आला नाही. अक्षरं वाचायची आणि वाक्य वाचायचं नाही, हा आजार त्यांच्या धंद्यातला. त्यांनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि चौदा नंबरची इंग्रजी सूचना देऊन म्हणाल्या, हे तुझ्या पद्धतीने लिही. अक्षदाने लिहिलं, 'प्रेशर शून्यावर आल्याशिवाय खालचा कॉक उघडू नये.'

"आता असं समज, तुला हे मुद्दाम चुकीचं लिहायचंय."

अक्षदाने घाबरून वर पाहिलं. मग लिहिलं, 'प्रेशर शून्यावर येण्याआधी खालचा कॉक उघडावा.'

छायाताई दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. अक्षदा 'उघडावा' लिहिते. टूल्स 'उघडा' लिहितात. कार्डावर मात्र 'उघडायचा आहे' होतं. भिंतीवरच्या सूचनेत असं कुणी लिहीत नाही. समोर उभा राहून कुणी समजावून सांगत असेल तर 'उघडायचा' म्हणेल, पण त्याला 'आहे' कशाला जोडेल? ते 'आहे' त्यांना चुकून पडलेल्या खिळ्यासारखं टोचत होतं. ते तिथे कुठून आलं, हे काही केल्या उमगेना.

त्या उठल्या तेव्हा अक्षदाने हाताने थांबवलं.

"ताई, साहेबांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय. पोलिसांनी बोलावलं की घरून जायचं. घरी काय सांगू मी?"

४

बुधवारी मनोज पिंगळे उरले होते. सेहेचाळीस वर्षांचे, खालापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. एकोणीस वर्षं धुलाई विभागात. दशरथ त्यांच्या शेजारच्या घरातला. पॅकिंगमध्ये होता, त्याला दोन आठवड्यांपूर्वी चार पैसे जास्त मिळावेत म्हणून मनोजनीच आपल्या विभागात घेतलं होतं. दोन्ही दिवस काम सुटल्यावर ते दवाखान्यात जाऊन बसत.

केबिनमध्ये यायला ते तयार नव्हते, म्हणून छायाताई शेडमध्ये गेल्या. तिथे चार मिक्सर चालू होते. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाचं बोलणंही तुटक ऐकू येई. कार्ड लावलं तेव्हा तुम्ही वाचलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

"मी कशाला वाचू? एकोनीस वर्सं झाली मला," मनोज म्हणाले. त्यांची नजर टाकीवर होती. "नवीन मानूस हाय तो. त्याच्यासाठी कार्ड."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून छायाताईंना वाटलं, हा माणूस काहीतरी गिळून बसलाय. कॉकबद्दल दशरथला तुम्ही तोंडी काही सांगितलं होतं का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मनोज काहीतरी बोलले. मागे मिक्सर घरघरत होता.

"सांगितलं आहे म्हणता? मग त्याने उघडला कसा?"

"हाय नाय, ताई. नाय." मनोज जवळ आले आणि कानाशी बोलल्यासारखे म्हणाले, "सांगितलं नाय, असं बोललो मी. तुमी हाय ऐकलंत."

छायाताई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

त्यांचं स्वतःचं बालपण कर्जतजवळच्या खेड्यात गेलं होतं. घरी हाय-नायच बोलत. शाळेत आणि छापखान्यात त्यांनी स्वतःला आहे-नाही लिहायची सवय लावून घेतली होती, इतकी की हाय आणि नाय यांत एकाच अक्षराचं अंतर आहे हे त्या विसरून गेल्या होत्या. त्यांनी ती ओळ मनात पुन्हा म्हटली, लिहिलेली नव्हे, बोललेली. परेशर झिरोवर येईपर्यंत खालचा कॉक उघडायचा नाय. वाक्य सरळ झालं. नको असलेलं 'आहे' आपोआप जागेवर बसलं. ते कुणी लिहिलंच नव्हतं. ते कुणाच्या तरी 'नाय'चं झालं होतं.

"मनोजभाऊ," त्या म्हणाल्या, "तो मजकूर तुम्ही फोनला बोलून सांगितला होता ना?"

मनोजनी भिंतीला हात टेकला. नाही म्हणायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. फक्त मान हलवली.

"किती कार्डं?"

"पाच."

"बाकीची चार कुठे लावलीत?"

मनोज मोजल्यासारखे पुटपुटले. पंधरा कपड्यांच्या खोलीत, सोळा पंपाजवळ, अठरा गेटवर. सतराशी आले आणि थांबले. सतरा नंबर मागच्या ड्रमच्या शेडमध्ये होतं. ते हार्डनरच्या, म्हणजे रंग कडक करणाऱ्या रसायनाच्या, रिकाम्या ड्रमांचं कार्ड. हार्डनरला पाणी लागलं की आत वायू तयार होतो, झाकण बंद असेल तर ड्रम फुटतो, म्हणून त्यात पाणी घालून झाकण लावायचं नाही, असं त्यांनी फोनला सांगितलं होतं.

"ड्रम कधी धुतात?"

"बुधवारी," मनोज म्हणाले. "जेवनानंतर."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजले होते.

५

सुपरवायझर सोडून बाकी कामगारांचे मोबाईल गेटवर ठेवून घेत, त्यामुळे फोन करण्यात अर्थ नव्हता. मनोज पळत सुटले. छायाताईंचा डावा गुडघा दुखरा, तरी त्या जमेल तितक्या वेगाने मागे निघाल्या. ड्रमची शेड कारखान्याच्या अगदी मागच्या कुंपणाला लागून होती. वाटेत दोघातिघांनी त्यांना काय झालं म्हणून विचारलं. त्यांना धाप लागल्यामुळे काही सांगता आलं नाही, नुसता हात पुढे दाखवत त्या चालत राहिल्या.

शेडमध्ये रूपाली नावाची कंत्राटी कामगार होती, पंचवीस-सव्वीस वर्षांची, आठवड्यापूर्वीच कामाला लागलेली. तिच्या हातात पाण्याचा पाईप होता. सहा ड्रम उघडे उभे होते. दोन ड्रमांत पाणी भरून, झाकणं ठोकून तिने ते भिंतीकडे सरकवले होते. अगदी व्यवस्थित, कार्डावरच्या क्रमाने. भिंतीवर लिहिलं होतं, 'रिकाम्या ड्रमात पाणी घालून झाकण लावायचं आहे.'

भिंतीकडच्या एका ड्रमचं झाकण बशीसारखं वर फुगलं होतं.

मनोजनी रूपालीचा हात धरून तिला बाहेर ओढलं. ती गोंधळून हात सोडवायला लागली. आपलं काहीतरी चुकलं आणि आता कामावरून काढतील, एवढंच तिला कळत होतं.

"कार्डावर तसंच लिवलंय," ती छायाताईंना सांगत राहिली. "मी वाचूनच केलं. दोनदा वाचलं."

शेजारच्या गोदामातली माणसं बाहेर काढली गेली. सगळे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. काहीच होत नव्हतं. पाच मिनिटं गेली. आपण उगीच घाबरलो की काय, असं एकजण म्हणाला, आणि मनोज स्वतः आत जाऊन झाकण सैल करतो म्हणून निघाले. छायाताईंनी त्यांच्या शर्टाची बाही घट्ट धरली. ते ओढत होते, त्या सोडत नव्हत्या.

मग आवाज झाला. झाकण पत्र्याच्या छपरातून वर गेलं आणि कुंपणापलीकडच्या शेतात जाऊन पडलं. दुसरा ड्रम मिनिटभराने बुडातून फाटला. ज्या जागी पाईप पडला होता तिथली भिंत पिवळ्या फेसाने माखली.

रूपाली रस्त्यावर खाली बसली. तिला कुणीतरी पाणी दिलं, ते तिला पिता येईना.

६

तासाभराने पोतदारांच्या केबिनमध्ये सगळे जमले. अक्षदालाही नेरळहून बोलावून घेतलं होतं. छायाताईंनी सावकाश, एकेक पायरी सांगितली.

चौदा नंबरची सूचना तिन्ही टूल्सना दिलेली नव्हती, म्हणजे चूक त्यांची नव्हे. अक्षदाने लिहिली असती तर चुकीची लिहितानाही 'उघडावा' असंच लिहिलं असतं, कारण तिचा हात तसा वळलेला आहे. प्रवीणने लिहिली असती तर त्याने आधी आपल्या आवडत्या 'ब'ला दिली असती, आणि कॉकच्या जागी झडप आली असती. कार्डावरची भाषा शेडमधल्या माणसाची होती, पण 'शून्य' आणि 'आहे' शेडमधले नव्हते. म्हणजे बोललं एकाने आणि सुधारून लिहिलं दुसऱ्याने. तो दुसरा म्हणजे चौथं टूल, बोललेलं ऐकून लिहिणारं. कुणी न निवडलेलं, फुकट, मनोजच्या मुलीने त्यांच्या फोनवर घालून दिलेलं. मिक्सरच्या आवाजात त्याने 'नाय'चं 'हाय' ऐकलं आणि 'हाय'चं शुद्ध 'आहे' केलं. पंधरा, सोळा, अठरा या कार्डांत मनाई नव्हती, म्हणून ती बरोबर उतरली.

पोतदारांना ते पटेना. मग मनोज, प्रवीण आणि ते स्वतः तो फोन घेऊन शेडमध्ये गेले. मनोजनी तेच वाक्य चालू मिक्सरजवळ पाच वेळा म्हटलं. तीनदा फोनने 'आहे' लिहिलं. पोतदारांनी परत येऊन फोन टेबलावर ठेवला.

मनोज दाराशीच उभे होते. त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांनी खाली मान घालून ऐकलं. टूल्सची भाषा माणसांना कळत नव्हती. झडप वाचून ती हसत आणि कार्डाकडे पाठ फिरवत. एकोणीस वर्षांचं काम तोंडपाठ असलेल्या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं. टाइप करता येत नाही हे कार्यालयात सांगायची लाज वाटली, म्हणून त्यांनी फोनला सांगितलं आणि तो मजकूर फोल्डरमध्ये टाकून दिला. सोमवारी कार्ड वाचल्यावर ते हादरले. आपण बरोबर सांगितलं होतं, मग हे उलटं कुणी केलं? अक्षदाने बदललं असेल असं त्यांना वाटलं, आणि आपल्यालाच वेड लागलंय असंही वाटलं. भीतीने त्यांनी फोनमधलं सगळं पुसून टाकलं.

"मी 'नाय' बोललो होतो, ताई," ते छायाताईंना म्हणाले. "शप्पत घेतो. 'नाय'च बोललो होतो."

"माझा विश्वास आहे," छायाताई म्हणाल्या. "पण सोमवारी हे इथे येऊन बोलला असतात, तर आज रूपाली त्या ड्रमपाशी नसती. आणि ही दोन दिवस रडत बसली नसती."

मनोजनी अक्षदाकडे पाहिलं.  तिने मान वळवली.

गुरुवारच्या बैठकीत छायाताईंनी एकच पान वाचून दाखवलं. टूल कुठलं घ्यायचं याचं उत्तर त्यांनी दिलं: 'क', कारण त्याच्या चुका सहज दिसतात. पण पुढे त्यांनी लिहिलं होतं की दोन महिने आपण तीन टूल्सची परीक्षा घेत बसलो आणि ज्याने ही कार्डं केली तो माणूस चौथंच वापरत होता, आणि ते आपल्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. यापुढे कुठलंही कार्ड भिंतीवर जाण्याआधी, ज्याला ते काम करायचंय त्याने ते मोठ्याने वाचावं, आणि जुन्या माणसाने समोर बसून ऐकावं. हे वाचून घ्यायचं काम अक्षदाकडे द्यावं.

पोतदारांनी ते मान्य केलं. अक्षदाला परत घेतलं. मनोजना सुपरवायझर पदावरून काढलं, चौकशी पुढे चालू राहणार होती. निरीक्षकांना दिलेल्या जबाबात पोतदारांनी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. सहीशिवाय कार्डं लावायचा तगादा त्यांचाच होता.

७

बैठक संपल्यावर मनोज छायाताईंची वाट बघत गेटवर थांबले होते. दशरथला सगळं सांगायचं होतं, आणि एकट्याने जायचा धीर होत नव्हता. दोघं रिक्षाने खोपोलीला गेले. 

दशरथच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. तो डोळा राहणार नाही, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. डाव्या डोळ्याने त्याने दोघांकडे पाहिलं आणि बायकोला स्टूल द्यायला सांगितलं. मनोज बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगून टाकलं. फोनला कसं सांगितलं, नायचं हाय कसं झालं, आपण तीन दिवस कसे गप्प राहिलो, इथे येऊन बसत होतो तेव्हाही कसे गप्प होतो. दशरथ ऐकत राहिला. त्याची बायको मध्येच उठून व्हरांड्यात गेली.

"मला तवाच वाटलं होतं," दशरथ शेवटी म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "वाचलं तवाच वाटलं, हे उलटं हाय. कॉकला हात लावला आनि परत काडला. तुला इचारायला दोन पावलं आलो पन होतो."

"मग?"

"मग म्हटलं, छापलेलं हाय. कॉम्प्युटरनं लिवलंय, मोठ्या लोकांनी तपासलंय. आपन पॅकिंगमधनं आलेला मानूस. इचारलं तर तू हसशील."

छायाताई खिडकीकडे वळल्या. मनोजनी पलंगाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला.  आता काहीही म्हणता आलं असतं, आणि दशरथने ते मानूनही घेतलं असतं.

"हसलो असतो," मनोज म्हणाले.